पदराखालचा सौदा

बारामतीतल्या एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला फसवलं. दिलेला शब्द मोडला. त्या सौद्याला मी साक्षीदार होते, म्हणजे त्यांनी मलाही फसवलं, आणि मला कुणी फसवलेलं मी विसरत नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल.

ती म्हणजे आमच्या बाजारातली शेळ्यांची व्यापारीण. तिचं नावही लिहीत नाही, कारण नावानं तिला कुणी हाक मारतच नव्हतं. तिचा बाप हेडी होता. बाजारात जनावराचा मालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभा राहून सौदा जमवून देणारा तो हेडी. म्हणून ती 'हेड्याची'. लग्न होऊन वडगाव निंबाळकरच्या पलीकडच्या वस्तीवर आली, तरी हेड्याचीच राहिली. नवऱ्यालासुद्धा लोक 'हेड्याचीचा मालक' म्हणायचे आणि त्या भल्या माणसाला त्याचं काही वाटायचं नाही.

मी तेव्हा पिंपळीच्या फाट्यावर मुरघास विकायला नुकती सुरुवात केली होती. हिरवा मका बारीक कापून, दाबून, हवाबंद पिशवीत मुरवलेला चारा. त्याआधी मी डोक्यावर कडवळाचे भारे वाहिलेत. मला धंदा कुणी शिकवला नाही आणि उधारीही कुणी दिली नाही. त्यामुळं ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला भाव सांगितला आणि 'परवडत असेल तर उचल' म्हणाले. तिनं पिशवी फोडायला लावली, मूठभर चारा नाकाशी धरला, थोडा चावून बघितला आणि पदर पुढं केला.

"घाल हात."

"कशाला?"

"भाव ठरवायला. तोंडानं काय भाव करतीस भाजीवालीगत?"

जुने व्यापारी टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, हे मी बाजारात बघितलं होतं. चारचौघांत आकडा बोलायचा नाही, बोटांनी सांगायचा, आणि एकदा पंजा मिळाला की सौदा पक्का. पाऊस येवो, जनावर मरो, शब्द फिरत नाही. आता ती पद्धत संपत आलीय. पण ही बापाकडून शिकली होती आणि टॉवेलाऐवजी पदर वापरायची. गड्यांशीही तसंच. परक्या बाईची बोटं धरून भर बाजारात उभं राहायला गडी लाजायचे, आणि लाजेपोटी भाव सोडून मोकळे व्हायचे. ती मात्र कधी लाजली नाही. म्हणायची, "लाज तेवढी मी घरी ठिवून येती. बाजारात तिला कोण इचारतंय?"

तिचं दुसरं वाक्य असं: "तोंडाचा भाव वाऱ्याचा, बोटाचा भाव बापाचा."

माझ्याशी त्या दिवशी ती बराच वेळ बोटं दाबत बसली. मी काही लाजणारी नव्हे. शेवटी दोघींची बोटं लाल झाली आणि दोघींनाही हसू फुटलं. तिथून आमचं जमलं.

ती शेळ्यांना 'अहो' म्हणायची. "अहो, जरा बाजूला व्हा की, पाय पडंल तुमच्यावर." आणि सरपंचाला 'अरे'. "ए, गाडी तिकडं घे, माझ्या शेळ्या भ्यात्यात." सरपंच गाडी घ्यायचा. मी एकदा तिला विचारलं, हे काय उफराटं? तर म्हणाली, "शेळी खोटं बोलत न्हाय. जो खोटं बोलत न्हाय त्याला मान द्यायचा. सरपंच तसा निघू दे, त्यालाबी अहो म्हणंन."

शेळी घ्यायची तर ती काट्यावर घालायची नाही. डोळे मिटून शेळीला मिठी मारायची, उचलायची, खाली ठेवायची आणि वजन सांगायची. तिचा अंदाज बरेचदा चुकायचा. पण मिठी एवढ्या जोरात असायची की शेळीचा मालक तिच्याकडं बघतच राहायचा आणि काट्याचं नावच काढायचा नाही. एकदा तिनं इंदापूरच्या बाजारात मलाही उचललं होतं. माझं वजन तिनं काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. तेही चुकलं होतं.

एवढी धाडसाची बाई, पण बंद खोलीत एकटी राहू शकायची नाही. लहानपण एका खोलीच्या घरात गेलं. आई, बाप, भावंडं, वर दोन करडं. एकटं असणं तिला माहीतच नव्हतं. त्यामुळं पहिल्या खेपेला दिवस भरत आले, तेव्हा तिची एकच अट होती. बाळंत होताना आई उशाशी पाहिजे. दवाखान्याला तिची काही ना नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोकांनी तिला अडाणी ठरवलं. सगळ्या तपासण्या तिनं वेळच्या वेळी केल्या. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. सोनोग्राफीच्या वेळी मशिनवाल्याशी हुज्जतही घातली.

मग आम्ही दोघी त्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मला नेलं ते बोलायला. मी अट सांगितली. बाई चांगल्या हसून म्हणाल्या, "हो हो, घेऊ की आईला आत." तेवढ्यावर हिनं टेबलावरून पदर पुढं केला.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "हे काय?"

मी नीट समजावून सांगितलं. "हिच्या एका बोटाची एक अट हाय. हिची आई आत, हिच्या उशाशी. तुम्ही बोट दाबलं की शब्द दिला. आमच्यात तो फिरत नाही."

"बरं बाई, कबूल," असं म्हणून बाईंनी पदराखाली हात घातला आणि बोट दाबलं. तोंडानंही कबूल, बोटानंही कबूल. ती परतीच्या वाटेवर गाडीत गाणं म्हणत होती.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी दुपारी आम्ही तिला घेऊन गेलो. तिला आत घेतलं आणि तिच्या आईच्या तोंडावर दार लावलं. आई म्हणाली, "बाईंनी कबूल केलंय." आतली आया म्हणाली, "आत कुणाला सोडत न्हाईत." मी दारावर थापा मारल्या. डॉक्टरीणबाईंना बोलवा म्हणाले. त्या आतच होत्या, माझा आवाज त्यांना ऐकू जात होता. वॉचमन आला आणि त्यानं मला जिन्याखाली नेलं. मी त्याला काय काय बोलले ते आज आठवलं तर थोडं वाईट वाटतं, तो बिचारा पगारी माणूस.

आई जिन्यावर बसली. आतून पोरीचा आवाज येत होता, "आये, आये." आणि त्यावर त्याच आयाचा आवाज, "तवा बरं वाटलं, आन् आता बोंबलतीस व्हय गं?" आईनं ते ऐकलं. मीही ऐकलं. आई पायरीवर हात आपटत राहिली, जशी काही पायरीच दार आहे.

मुलगी झाली. धडधाकट, आवाजाची. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "शब्द दिला होता तुम्ही."

"अहो, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? मग?"

"बोट दाबलं होतं तुम्ही."

"ते होय?" त्या हसल्या. "तो खेळ होता हो."

बाजारात असं कुणी म्हणालं असतं तर त्याला पुन्हा कुणी जनावर विकलं नसतं. इथं मात्र आम्हीच वेड्या ठरलो.

ती घरी आली, पोरीला आईच्या मांडीवर दिलं आणि आतल्या खोलीचं दार चौकटीतून उचकटून काढलं. ओली बाळंतीण, नवरा 'अगं टाके हायत, अगं टाके हायत' म्हणत मागं. ते दार तिनं गोठ्यात विटांवर ठेवलं. शेळ्यांना उंचावर उभं राहायला आवडतं. "चढा, चढा," ती शेळ्यांना म्हणाली, "आता हे कुणाला बाहेर ठेवायचं न्हाय." त्या घराच्या आतल्या खोलीला पुन्हा दार बसलं नाही. पडदा लावला.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिनं जाहीर केलं, मी घरीच बाळंत होणार. वस्तीवर गोंधळ उडाला. नवरा दुधाचा पिकअप चालवायचा. सात गावचं दूध वेळेत पोचवणारा माणूस, पण बायकोपुढं त्याची गाडी चढाला लागायची. "अगं, काय झालं तर?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

सासू मात्र कडाडली. ती स्वतः सगळ्या पोरांच्या वेळी घरातच बाळंत झालेली. "आमाला दवाखाना न्हवता म्हणून आमी घरी मेलो-जगलो. माझी एक गेली त्यात, तुला ठावं हाय. तुला दवाखाना हाय तर मिजास करतीस व्हय?"

"आत्याबाई, तुमाला निवडायला मिळालं न्हाय. मला मिळालंय. मग निवडू द्या की."

"आन् प्वार गेलं म्हंजी?"

त्यावर ती उठून गोठ्यात गेली. वादातून ती उठून गेलेली मी कधी बघितली नव्हती. खरं सांगायचं तर मी सासूच्याच बाजूची होते. मी तिला म्हणाले, "दुसरा दवाखाना बघू. चिडीचा सौदा कधी करू नये." ती म्हणाली, "दुसऱ्याचंबी दार असंल की. तितं मी पुन्यांदा आयला हाका मारीत पडायची? मेले तर माणसांत मरंन. पर मला मरायचं न्हाय. तवा नीट जमव काय ते."

जमव म्हणाली आणि मला जमवता येतं. इंदापुरात एक सिस्टर होत्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करण्यात आयुष्य गेलेलं, आता निवृत्त. कडक बाई. आम्हाला बघून त्यांनी आधी चहासुद्धा विचारला नाही.

"घरी? मी घरी बाळंतपणं करत नाही. घरी करू नका हेच आयुष्यभर सांगत आले."

"मग अटी घाला," मी म्हणाले. "नाही म्हणणं सोपं हाय."

सिस्टरांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. पहिलं बाळंतपण कसं झालं, सगळं विचारलं. ती सांगत गेली. 'तवा बरं वाटलं' हे वाक्य आलं तेव्हा सिस्टरांनी चष्मा काढला आणि पुसला. मग म्हणाल्या, "असलं आमच्याकडंही बोलायच्या काही जणी. मी एकीला बाहेर काढलं होतं त्यापायी."

हिनं पदर पुढं केला. सिस्टरांनी काय, कशाला विचारलं नाही. त्यांचा बापही शेतकरीच असणार. हात घातला.

तो सौदा मी जन्मात विसरणार नाही. एक बोट: आई उशाशी राहणार. सिस्टरांनी दाबलं. दुसरं: कुणी 'गप' म्हणायचं नाही. दाबलं. मग सिस्टरांनी तिची बोटं धरली. "आता माझ्या. तपासण्या सगळ्या करायच्या, आणि एकही जरा वाकडी आली तर घराचं नाव काढायचं नाही." दाबलं. "गाडी दारात उभी पाहिजे, ड्रायव्हर गाडीत." दाबलं. "आणि शेवटची. मी 'चल' म्हणाले की उठायचं आणि गाडीत बसून दवाखान्यात निघायचं. का म्हणून विचारायचं नाही."

इथं ती अडली. हात पदराखालीच, दोघी एकमेकींकडं बघतायत. बाजारात मी मोठमोठे व्यापारी असे अडलेले बघितलेत. पण तिथं शेळी असते, इथं तिचा जीव होता.

"आई गाडीत माझ्यासंगट बसंल?"

"बसेल."

"तितल्या दारात?"

"तिथल्या दारात मी उभी राहीन. मग बघू कोण लावतंय."

तिनं बोट दाबलं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. चांगलं ऊन पडलं होतं. सिस्टर आदल्या दिवसापासून येऊन राहिल्या होत्या. आतल्या खोलीत, पडद्याआड, आई उशाशी, सिस्टर पायाशी, मी पाण्याला. सासू आत येणार नाही म्हणाली आणि पडद्याला नाक लावून उभी राहिली. नवरा पिकअपमध्ये स्टिअरिंग धरून बसलेला, जसा काही आत्ताच दूध नासणार आहे. ती मोठ्यानं ओरडत होती आणि कुणी गप म्हणत नव्हतं. मध्येच ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून शेळ्यांची चौकशी करायची. "त्यास्नी पाणी पाजलं का?"

मग कळा असूनही पुढं काही सरकेना. सिस्टर पोटाला यंत्र लावून पोराचे ठोके ऐकत होत्या. ठोके ठीक होते, पण वेळ फार लागत होता. त्यांनी घड्याळ बघितलं. पुन्हा ऐकलं. आणि म्हणाल्या, "चल."

मला वाटलं, आता ही भांडणार. मी तिला ओळखत होते. ही एका करडासाठी दिवसभर बाजार अडवून धरणारी बाई. तिनं सिस्टरांकडं बघितलं. तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पण तोंडातून शब्द काढला नाही. आईच्या गळ्यात हात टाकला आणि उठली. शब्द दिला होता ना. डॉक्टरीणबाई शिकलेल्या होत्या, त्यांना जे जमलं नाही ते तिनं त्या कळांमध्ये करून दाखवलं.

पडदा बाजूला केला. ओसरी ओलांडली. अंगणात चार पावलं गेली, थांबली, पिकअपच्या फाळक्याला धरून वाकली. पुन्हा दोन पावलं. मग जी आरोळी दिली ती फाट्यापर्यंत गेली असेल.

सिस्टर खाली बसल्या, बघितलं आणि ओरडल्या, "थांब! गाडी राहू दे! आलं, आलं!"

मी माझ्या मुरघासाच्या कोऱ्या ताडपत्रीची गुंडाळी अंगणात फेकली, सासूनं त्यावर धुतलेली गोधडी. वस्तीवरच्या बाया कुठून आल्या कळलं नाही, पण क्षणात चारी बाजूंनी लुगडी धरली गेली. नवरा गाडीतून विचारतोय, "गाडी चालू करू का बंद करू?" आणि सासू लुगड्याआडून, "अरं मुडद्या, तोंड तिकडं कर!" आई उशाशी. सिस्टरांचे हात पुढं. गोठ्यातून शेळ्या दारावर चढून बघतायत.

मुलगा झाला. लगेच रडला. चालल्यानं पोर खाली सरकलं होतं, सिस्टर नंतर म्हणाल्या. पण त्या हेही म्हणाल्या की ते सरकलं नसतं तर गाडी निघालीच असती, आणि 'घरी झालं, घरी झालं' म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तिनं पोराला डोळे मिटून छातीशी धरलं, जरा उचललं आणि वजन सांगितलं. सिस्टरांनी काट्यावर घातलं. चुकलं होतं. सगळ्या बाया एवढ्या हसल्या की धरलेली लुगडी खाली आली आणि नवऱ्याला तोंड पुन्हा फिरवावं लागलं. सासू रडत होती, पदर तोंडात घालून. "माझी बी उनातच झाली असती तर जगली असती," असं काहीतरी म्हणत होती. ते खरं नव्हतं, पण तिला कुणी खोडलं नाही.

पुढं आरोग्य खात्याचे एक साहेब चौकशीला आले. गावात घरी बाळंतपण झालं म्हणून त्यांच्यावर वरून ओरडा बसला होता. "घरात झालं का दवाखान्याच्या वाटेवर?" त्यांनी विचारलं.

ती पोराला पाजत बसली होती. "अंगणात."

"म्हणजे वाटेवर म्हणू?"

"अंगण घराचं असतं रं. तुझ्या घराला न्हाय का?"

"बाई, तुमच्यासारख्या सगळ्या घरी राहिल्या तर कितीजणी मरतील, माहीत आहे?"

"म्हाईत हाय. माझ्या सासूला इचार, तिची गेलीया. आता मी इचारती. बाया घरी का ऱ्हात्यात, हे तू कुणाला इचारलंस का?"

साहेब गेले. पण 'आम्हालाही घरीच बाळंत व्हायचंय' म्हणत बाया यायला लागल्या. एकीच्या गाई धारेला दुसऱ्या कुणाला उभ्या राहत नव्हत्या, म्हणून तिला घर सोडता येत नव्हतं. एकीला आधीच्या खेपेला दवाखान्यात थोबाडीत बसली होती. एक नुसतीच म्हणाली, तिथं सगळ्यांसमोर उघडं पडून राहावं लागतं. ती सगळ्यांना सिस्टरांकडं पाठवायची आणि सिस्टर बहुतेकींना दवाखान्याकडं. एका पोरीचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. सिस्टर म्हणाल्या, हिला घरी ठेवलं तर मी पोलिसात जाईन. ती पोरगी घाबरून रडायला लागली, "मला तितं एकटीला ठिवत्याल."

तेव्हा ही उठली. पोरगी, पोरीची आई, सिस्टर आणि मी, सगळ्यांना पिकअपमध्ये घातलं आणि त्याच दवाखान्यात गेली. त्याच दारात उभी राहिली. वॉचमन तोच होता. त्यानं मला बघितलं आणि आपणहून जिन्याखाली गेला.

डॉक्टरीणबाई आल्या. ही म्हणाली, "हिची आय आत जाईल. पदर पुढं करीत न्हाय मी. तुला बोटाची किंमत न्हाय. ह्या सिस्टर सांगत्याल, आन् दारात शंभर बाया हुभ्या करती उद्या." शंभर कुठून आणणार होती देवाला ठाऊक, पण आवाज असा लावला होता की जिन्यावर पन्नास तरी उभ्या असल्यासारखं वाटलं. सिस्टर पुढं झाल्या, शांत आवाजात दोन वाक्यं बोलल्या. आई आत गेली. पोरगी-बाळ सुखरूप बाहेर आली. दवाखान्यातच व्हायला पाहिजे होतं ते बाळंतपण आणि दवाखान्यातच झालं.

आता तिनं उजनीच्या बाजूला शेळ्यांचा मोठा गोठा केलाय, आईही तिच्याजवळच असते. बाजारात फारशी येत नाही. माझा मुरघास तिच्याकडं जातो, भावावरून आमचं फोनवर भांडण होतं, कारण फोनवर बोटं दाबता येत नाहीत.

मागच्या महिन्यात माझी भावजय बाळंत व्हायला त्याच दवाखान्यात गेली. मी सोबत होते. दाराशी झकपक पाटी लावलीय, प्रसूतीच्या वेळी आई किंवा सासू आत थांबू शकते म्हणून. वर गुलाबी फुलं काढलीत. काउंटरवरची पोरगी मला कौतुकानं सांगत होती, "ही आमच्या मॅडमची स्वतःची कल्पना." माझी आई आत गेली, भावजयीच्या उशाशी बसली, आणि छत कोसळलं नाही.

म्हणजे आईला आत घेता येत होतं. जागा तीच, दार तेच, बाईही त्याच. आता कुणाची कल्पना यावर मी भांडणार नाही, घ्या ती कल्पना. पण एक बाई आत आईला हाका मारत होती आणि आई जिन्याच्या दगडावर हात आपटत होती, तेव्हा तुम्ही आत होता. तुम्ही कबूल केलं होतं, मी समोर होते. दार कुणी लावलं, का लावलं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगावं. मला नको, साहेबाला नको. उजनीला जावं, तिच्या आईसमोर बसावं आणि तिथं सांगावं.